पारलिंगी तरुणांसाठी लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रियेचा मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) म्हणजे ज्यांची लिंगओळख जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी असते अशा व्यक्ती, आणि लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया म्हणजे शरीर त्या ओळखीशी जुळवणाऱ्या शस्त्रक्रिया. पारलिंगी तरुण, त्यांचे पालक आणि कधीकधी त्यांचे शिक्षकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, मात्र जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वयोमर्यादा आणि संमतीचे नियम देशागणिक वेगळे आहेत व ते अलीकडे वेगाने बदलत आहेत, त्यामुळे कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा आजचा नियम उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

१. लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया म्हणजे एकच मोठे ऑपरेशन असते का?

नाही. हा अनेक वेगवेगळ्या शस्त्रक्रियांचा समूह आहे : छातीला पुरुषी आकार देणे, स्तनवर्धन, चेहऱ्याच्या हाडांवरील शस्त्रक्रिया, गर्भाशय किंवा अंडाशय काढणे, वृषण काढणे, योनी किंवा शिश्न घडवणे. एखाद्या व्यक्तीला यांपैकी एकच हवी असते, एखादीला तीन, आणि कित्येकांना एकही नको असते. शस्त्रक्रिया न केलेली व्यक्ती कमी पारलिंगी ठरत नाही. हे येथे मुद्दाम लिहितो, कारण 'शेवटचा टप्पा गाठला नाही तर मला कोणी मानणार नाही' ही भीती अनेक तरुणांच्या मनात घर करून असते आणि त्या भीतीपोटी घेतलेला निर्णय क्वचितच चांगला ठरतो.

२. माझे मूल आठ वर्षांचे आहे आणि ते स्वतःला मुलगा म्हणवते. आत्ताच एखाद्या उपचाराचा विचार करावा लागेल का?

पौगंडावस्था सुरू होण्यापूर्वी कोणताही वैद्यकीय उपचार केला जात नाही : ना औषध, ना शस्त्रक्रिया. या वयात मुलाला लागते ते ऐकून घेणारे घर, त्रास न देणारी शाळा आणि स्वतःविषयीचे मत बदलण्याची किंवा न बदलण्याची मोकळीक. नाव, केस, कपडे यांविषयीचे निर्णय पूर्णपणे मागे घेता येण्याजोगे असतात. घरात ताण असेल तर या विषयाची जाण असलेल्या बालमानसतज्ज्ञांची भेट उपयोगी पडते, आणि ती भेट मुलापेक्षा पालकांसाठी अधिक मोलाची असते असा माझा अनुभव आहे.

३. शस्त्रक्रियेपर्यंतचे टप्पे सर्वसाधारणपणे कोणते असतात?

प्रथम मानसिक आणि सामाजिक मूल्यमापन, पौगंडावस्था सुरू झाल्यावर काही ठिकाणी ती तात्पुरती थांबवणारी औषधे म्हणजे प्युबर्टी ब्लॉकर, त्यानंतर टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनसारखे हॉर्मोन, आणि त्याही पुढे, गरज असल्यास, शस्त्रक्रिया. ज्याचा परिणाम मागे घेता येतो ते आधी आणि ज्याचा येत नाही ते नंतर, हे यामागचे सूत्र आहे. मात्र या क्रमातली कोणतीही पायरी पुढच्या पायरीचे वचन देत नाही. प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचार होतो, नव्याने संमती घेतली जाते आणि तेथेच थांबण्याचा पर्याय खुला असतो. कोणी सतराव्या वर्षी प्रथमच बोलते, तेव्हा ब्लॉकरचा टप्पा उरलेलाच नसतो, आणि त्यामुळे त्या व्यक्तीचा मार्ग चुकला असेही होत नाही.

४. मूल्यमापनात काय विचारतात? मला मानसिक रुग्ण ठरवतील का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात लिंगभाव-विसंगती, म्हणजे स्वतःची लिंगओळख आणि जन्मावेळी नोंदलेले लिंग यांचा मेळ नसणे, ही मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींमध्ये ठेवली गेली. त्यामुळे पारलिंगी असणे हा मनोविकार नाही. तरीही मूल्यमापन होते, कारण पुढचे काही उपचार कायमचे असतात.

वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ, म्हणजेच डब्ल्यूपॅथ, या संघटनेच्या २०२२ च्या आठव्या मार्गदर्शिकेनुसार किशोरवयीनांच्या बाबतीत काही गोष्टी पाहिल्या जातात : विसंगतीची भावना दीर्घकाळ टिकून आहे का, निर्णय समजून घेण्याइतकी भावनिक आणि बौद्धिक परिपक्वता आहे का, निर्णयात अडथळा आणू शकेल अशी दुसरी मानसिक अडचण असल्यास तिच्यावर उपचार झाले आहेत का, आणि प्रजननक्षमतेवरील परिणामांची पुरेशी माहिती दिली गेली आहे का. हे एका भेटीत उरकणारे काम नव्हे.

प्रत्यक्षात खोलीत काय घडते ते सांगतो. चांगला तज्ज्ञ 'तुला खात्री आहे ना?' असे विचारून थांबत नाही. तो म्हणतो, 'या शस्त्रक्रियेनंतर काय बदलेल आणि काय बदलणार नाही, ते तुझ्या शब्दांत सांग.' एखादा मुलगा छातीविषयी नेमके सांगतो, व्रण कोठे राहतील तेही सांगतो, पण पुढे म्हणतो की मग वर्गातली मुले चिडवायचे थांबवतील. तेथे तज्ज्ञ थबकतो, कारण शस्त्रक्रियेने छाती बदलते, वर्ग बदलत नाही, आणि त्या छळावर वेगळा उपाय करावा लागतो. असा प्रश्न विचारला गेला म्हणून नकार मिळाला असे समजू नये. पाठ करून आणलेल्या उत्तरांपेक्षा मनातली शंका बोलून दाखवणे या खोलीत अधिक उपयोगाचे असते.

५. शस्त्रक्रियेसाठी किमान वय किती?

जगभर लागू होईल असे एकच वय नाही. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत जननेंद्रियांवरील, म्हणजे वृषण, अंडाशय किंवा गर्भाशय काढण्याचा समावेश असलेल्या शस्त्रक्रिया १८ वर्षे किंवा त्या देशातील सज्ञानतेचे वय पूर्ण होईपर्यंत लांबवाव्यात असे सुचवले आहे. छातीच्या शस्त्रक्रियेची वेळ मात्र व्यक्तीची शारीरिक आणि मानसिक स्थिती पाहून ठरवावी असे तिचे म्हणणे आहे. डब्ल्यूपॅथच्या आठव्या मार्गदर्शिकेनेही शिश्नरचनेची शस्त्रक्रिया १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी विचारात घेऊ नये असे म्हटले आहे. जेथे सज्ञान होण्यापूर्वी शस्त्रक्रिया होतात, तेथे त्या बहुतांशी छातीच्याच असतात आणि त्यांची संख्याही थोडी असते. अनेक देशांत १८ पूर्वी कोणतीच शस्त्रक्रिया होत नाही.

६. काही देशांनी किशोरवयीनांचे उपचार थांबवले असे वाचले. म्हणजे ते धोकादायक सिद्ध झाले का?

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोघेही तरुणांची दिशाभूल करतात. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या औषधोपचारांबाबत अधिक सावध धोरण स्वीकारले. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या, मुले आणि किशोरवयीनांसाठीच्या लिंगभाव-सेवांच्या आढाव्याचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. या वयोगटातील ब्लॉकर आणि हॉर्मोनच्या परिणामांविषयीचा पुरावा कमकुवत असल्याचा निष्कर्ष त्यात होता, आणि ब्लॉकरचा नेहमीचा वापर तेथे थांबवण्यात आला. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांनी अल्पवयीनांच्या उपचारांवर कायद्याने बंदी किंवा निर्बंध आणले, आणि जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा असा कायदा कायम ठेवला. दुसरीकडे, अनेक मोठ्या वैद्यकीय संघटनांनी काळजीपूर्वक निवडलेल्या किशोरवयीनांसाठी हे उपचार उपलब्ध असावेत अशी भूमिका घेतली, आणि कॅस अहवालाच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी टीकाही केली.

पुरावा कमकुवत असणे आणि उपचार घातक असल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अभ्यास थोडे आहेत, हे खरे. उपचार न करणे हीसुद्धा निष्परिणाम निवड नसते, कारण नको असलेली पौगंडावस्था शरीरावर आपल्या कायमच्या खुणा सोडते, हेही तितकेच खरे. डॉक्टरांनी ही अनिश्चितता कुटुंबापुढे आडपडदा न ठेवता मांडली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

७. ब्लॉकर घेतल्याने पुढच्या शस्त्रक्रियेवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो दोन दिशांनी होतो. ज्या ट्रान्स मुलाची (जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेल्या मुलाची) स्तनवाढ सुरुवातीलाच थांबली, त्याला छातीची शस्त्रक्रिया कदाचित लागतच नाही किंवा लहान छेदावर भागते. याउलट ज्या ट्रान्स मुलीने (जन्मावेळी मुलगा अशी नोंद झालेल्या मुलीने) अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर ब्लॉकर घेतले, तिच्या शिश्नाची आणि वृषणकोशाची त्वचा पुरेशी वाढलेली नसते, त्यामुळे योनी घडवण्याची नेहमीची पद्धत पुरेशी ठरत नाही आणि पोटातील आवरण किंवा आतड्याचा भाग वापरावा लागू शकतो. ब्लॉकर चालू असताना हाडांची घनता अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, म्हणून तिची तपासणी ठरावीक काळाने केली जाते. प्रजननक्षमतेसाठी प्रश्न ९ पाहावा.

८. मला हॉर्मोन नकोत, फक्त छातीची शस्त्रक्रिया हवी आहे. चालते का?

चालू शकते. डब्ल्यूपॅथची आठवी मार्गदर्शिका किशोरवयीनांसाठी स्तनवर्धन, चेहऱ्याची शस्त्रक्रिया आणि जननेंद्रियांवरील शस्त्रक्रियांपूर्वी किमान १२ महिने हॉर्मोनोपचार सुचवते, पण ज्यांना हॉर्मोन नको आहेत किंवा वैद्यकीय कारणाने देता येत नाहीत त्यांना ही अट लागू होत नाही, आणि छातीला पुरुषी आकार देण्याची शस्त्रक्रिया त्या यादीत नाही. स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी काहीच न म्हणवणाऱ्या अनेक व्यक्ती हाच मार्ग निवडतात. मात्र काही शस्त्रक्रियांना हॉर्मोनशिवाय अर्थ उरत नाही : टेस्टोस्टेरॉनने वाढलेल्या भगशिश्निकेपासून लहान शिश्न घडवायचे असेल तर ती वाढ आधी व्हावी लागते, आणि इस्ट्रोजेनने स्तन किती वाढतात हे पाहिल्याशिवाय स्तनवर्धनाचा आकार ठरवणे घाईचे होते.

९. पुढे मूल हवे असे वाटले तर?

हा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना निरर्थक वाटतो. 'मला मूल नकोच' हे उत्तर त्या वयातले बहुतेक सगळेच देतात, पारलिंगी असोत वा नसोत. म्हणूनच तो एकदा विचारून सोडून न देता प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारला पाहिजे.

वृषण किंवा अंडाशय काढल्यावर प्रजननक्षमता कायमची जाते. पौगंडावस्थेच्या अगदी सुरुवातीला ब्लॉकर आणि त्यानंतर थेट हॉर्मोन असा क्रम झाला तर शुक्राणू किंवा बीजांडे परिपक्वच होत नाहीत. पौगंडावस्था पुरेशी पुढे गेली असेल तर शुक्राणू गोठवणे सोपे असते. बीजांडे गोठवण्यासाठी मात्र इंजेक्शने, अंतर्गत तपासण्या आणि एक छोटी प्रक्रिया लागते, आणि ट्रान्स मुलाला ते सारे मानसिकदृष्ट्या फार जड जाऊ शकते. ही माहिती हॉर्मोन सुरू होण्याआधी मिळाली पाहिजे.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे : टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबलेली असतानाही गर्भधारणा होऊ शकते.

१०. छातीच्या शस्त्रक्रियेत आणि त्यानंतर नेमके काय होते?

छाती लहान असेल तर स्तनाग्राभोवतीच्या छोट्या छेदातून ऊती काढल्या जातात. मोठ्या छातीसाठी दोन आडवे छेद घेतात, स्तनाग्रे काढून लहान करतात आणि त्वचारोपण करून नव्या जागी बसवतात. दुसऱ्या पद्धतीत व्रण ठळक राहतात आणि स्तनाग्रांची संवेदना बरीच कमी होते किंवा जाते. हे आधीच नीट समजून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून दोन्ही बाजूंना बारीक नळ्या ठेवतात, त्या साधारण आठवड्याभरात निघतात. काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो, हात खांद्याच्या वर नेता येत नाहीत आणि जड वस्तू उचलता येत नाही. दप्तरसुद्धा नाही. पहिले ड्रेसिंग उघडते तो क्षण अनेकांना घाबरवतो : आरोपण केलेली स्तनाग्रे काळपट, खपलीसारखी दिसतात आणि ती वाया गेली असे वाटते. बहुतेक वेळा तो वरचा थर असतो आणि खालून गुलाबी त्वचा येते. मात्र एक बाजू अचानक फुगली, ताठरली किंवा ताप आला तर वाट न पाहता शल्यविशारदांना कळवावे, कारण आत रक्त साचणे ही या शस्त्रक्रियेतील तातडीने हाताळण्याची गुंतागुंत आहे. व्रण मऊ आणि फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

११. शस्त्रक्रियेला अजून अवकाश आहे. तोपर्यंत बाइंडर वापरला तर चालेल का?

बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट अंतर्वस्त्राचा प्रकार. योग्य मापाचा, त्यासाठीच बनवलेला बाइंडर दिवसातून साधारण आठ तासांपेक्षा अधिक न वापरणे, झोपताना आणि व्यायाम करताना काढणे, हे सर्वसाधारण पथ्य आहे. लवचीक बँडेज किंवा साधी चिकटपट्टी गुंडाळू नये, कारण श्वास घेताना ती सैल होत नाही आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. दम लागणे, पाठदुखी किंवा मुंग्या येणे ही तो काढण्याची सूचना समजावी.

१२. ट्रान्स मुलींसाठी जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेची तयारी कशी असते?

तयारी अनेक महिने आधी सुरू होते. ज्या त्वचेपासून योनी घडवायची तिच्यावरील केस लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसने (केसांची मुळे विजेने नष्ट करून) कायमचे काढावे लागतात, कारण ते आत वाढले तर नंतर काढणे फार कठीण जाते. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका लक्षात घेऊन इस्ट्रोजेन चालू ठेवायचे की थांबवायचे हे शल्यविशारद आणि अंतःस्रावतज्ज्ञ (हॉर्मोनतज्ज्ञ) मिळून ठरवतात.

शस्त्रक्रियेनंतरचे काम मात्र रुग्णाचे असते. घडवलेली योनी आकुंचन पावू नये म्हणून डायलेटर, म्हणजे योनीत घालून ती ताणलेली ठेवणारे नळीसारखे साधन, वापरावा लागतो, पहिले काही महिने दिवसातून अनेकदा, नंतर हळूहळू कमी, पण बहुतेकांना काही प्रमाणात आयुष्यभर. यासाठी बंद होणारे दार आणि विनाप्रश्न एकांत हवा. वसतिगृहाच्या सामायिक खोलीत राहणाऱ्या मुलीने याचा विचार तारीख ठरवण्यापूर्वीच करावा. ज्यांना हे नको असते त्या केवळ बाह्य रचनेची शस्त्रक्रिया किंवा फक्त वृषण काढण्याची शस्त्रक्रिया निवडतात.

१३. ट्रान्स मुलांसाठी शिश्नरचनेची शस्त्रक्रिया इतकी अवघड का मानतात?

कारण ती एका बैठकीत होत नाही आणि तिच्यात गुंतागुंतीचे प्रमाण अधिक आहे. बहुधा हाताच्या पुढच्या भागाची किंवा मांडीची त्वचा तिच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंसह घेतली जाते. हाताची निवड करण्यापूर्वी शल्यविशारद मनगटावरील दोन्ही धमन्या दाबून एक सोडतात आणि पंजाचा रंग परत येतो का ते पाहतात, कारण एक धमनी काढल्यावर दुसरीने संपूर्ण हाताला पुरले पाहिजे. मूत्रमार्ग अरुंद होणे किंवा त्यातून गळती होणे या सर्वाधिक त्रास देणाऱ्या अडचणी आहेत आणि त्यांसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. उभे राहून लघवी करणे महत्त्वाचे नसेल तर मूत्रमार्ग न लांबवण्याचा पर्याय आहे, हे फार कमी जणांना सांगितले जाते.

१४. मी फक्त कधीतरी ई-सिगारेट ओढतो. तेही बंद करावे लागेल?

होय. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि आरोपण केलेली त्वचा त्यामुळे मरू शकते. सिगारेट, ई-सिगारेट, तंबाखू, निकोटिनची गोळी, सर्वच शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किमान चार ते सहा आठवडे बंद ठेवावे लागते. ओढत असाल तर लपवू नका.

१५. नंतर पश्चात्ताप झाला तर?

प्रौढांवरील अभ्यासांच्या २०२१ मधील एका एकत्रित आढाव्यात, २७ अभ्यासांतील सुमारे ८ हजार व्यक्तींमध्ये शस्त्रक्रियेनंतर पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो बहुतांशी प्रौढांचा आहे आणि अनेक अभ्यासांत पाठपुरावा अपुरा होता, त्यामुळे तो पंधरा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही.

ज्यांना पश्चात्ताप होतो, त्यांची कारणे एकसारखी नसतात : कोणाला ओळखीविषयीच वेगळे वाटू लागते, कोणाला निकाल मनासारखा मिळत नाही, कोणी कुटुंबाच्या किंवा समाजाच्या दबावाने मागे फिरते. अशा व्यक्तीला दोष न देता तेवढीच काळजी मिळाली पाहिजे जेवढी पुढे जाणाऱ्याला मिळते. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत येणारी उदासी मात्र अनेकदा भूल, वेदना आणि एकटेपणा यांमुळे असते, तिला लगेच पश्चात्ताप समजू नये.

१६. मुलाला ऑटिझम आहे किंवा नैराश्य आहे. मग मार्ग बंद होतो का?

आपोआप होत नाही. ऑटिझम असलेल्या तरुणांमध्ये लिंगभाव-विसंगती इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि ऑटिझम आहे म्हणून ती भावना खोटी ठरत नाही. त्यांना माहिती अधिक वेळ देऊन, चित्रे वापरून, ठोस शब्दांत द्यावी लागते. नैराश्याच्या बाबतीत ते निर्णयक्षमतेवर किती परिणाम करते आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी स्वतःला घेता येईल का, हे पाहिले जाते. आत्महत्येचे विचार येत असतील तर शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहू नये, त्यासाठी आजच तातडीची मदत घ्यावी आणि मुलाला एकटे सोडू नये.

१७. आई तयार आहे, वडील नाहीत. काय करावे?

अल्पवयीन व्यक्तीसाठी कोणाची संमती लागते हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. कायद्याच्या पलीकडे पाहिले तर, विरोध करणाऱ्या पालकाला मूल्यमापनाच्या एका तरी भेटीला बोलावावे. 'तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?' असे डॉक्टरांनी थेट विचारल्यावर बहुधा भूल देणे, पुढचे लग्न किंवा नातेवाईक यांविषयीची ठोस काळजी बाहेर येते, आणि ठोस काळजीवर बोलता येते. मुलाला आई-वडिलांमधल्या वादाचा निरोप्या करू नये.

१८. वाट पाहणे असह्य झाले आहे. हॉर्मोन बाहेरून मागवून घेतले तर?

ही अधीरता मी समजू शकतो, कारण काही ठिकाणी पहिल्या भेटीसाठीच वर्षे जातात. पण रक्ततपासणीशिवाय घेतलेल्या हॉर्मोनमुळे रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा त्रास किंवा रक्त घट्ट होणे असे धोके संभवतात. आकार देण्यासाठी अप्रशिक्षित व्यक्तीकडून टोचून घेतलेले द्रव सिलिकॉन तर जीवघेणे ठरू शकते. आधीच काही घेत असाल तर डॉक्टरांना काय, किती आणि केव्हापासून ते सगळे खरे सांगावे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर ते ठाऊक असलेच पाहिजे.

१९. शस्त्रक्रिया झाल्यावर हॉर्मोन बंद करता येतात का?

छातीची शस्त्रक्रिया झाली असेल तर तो निर्णय वेगळा आहे. पण वृषण किंवा दोन्ही अंडाशय काढले असतील तर शरीर स्वतःचे लैंगिक हॉर्मोन पुरेसे बनवत नाही, आणि बाहेरून कोणताच हॉर्मोन न घेतल्यास तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून पुढे अनेक दशके औषध नियमित मिळेल का, हा विचार शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे.

२०. नवी ओळखपत्रे मिळाली. जुन्या अवयवांच्या तपासण्या अजून कराव्या लागतात का?

शरीरात जो अवयव आहे त्याची तपासणी लागते, ओळखपत्रावर काहीही लिहिलेले असो. गर्भाशयमुख ठेवले असेल तर ट्रान्स पुरुषाला त्याच्या कर्करोगाची चाळणी तपासणी वयानुसार करावी लागते. योनी घडवताना प्रोस्टेट ग्रंथी काढली जात नाही, त्यामुळे ट्रान्स स्त्रीने वाढत्या वयात तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतरही थोडी स्तन-ऊती उरते, म्हणून गाठ लागल्यास दुर्लक्ष करू नये. रुग्णालयाच्या संगणकात 'पुरुष' अशी नोंद असली की गर्भाशयमुखाच्या तपासणीचे बोलावणे आपोआप येत नाही. तेव्हा कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली आणि कोणते अवयव शरीरात आहेत याचा एक कागद शल्यविशारदांकडून लिहून घ्यावा आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्यावा.